वडिलांच्या कानामागचा खळगा आणि लेकीचं ऑपरेशन

प्रश्न थोडक्यात असा. वडील आठ वर्षांचे असताना, १९६६ च्या सुमारास, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्या उजव्या कानामागचं हाड छिन्नी-हातोडीने फोडलं गेलं. कानामागे अंगठा टेकेल एवढा खळगा राहिला आणि त्या कानाचं ऐकणं गेलं. आता नऊ वर्षांच्या मुलीचा कान दोन वर्षं वाहतोय, सीटी स्कॅनमध्ये हाड सडल्याचं निघालंय आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. आजोबा म्हणतात, पोरीच्या कानाला हात लावू देणार नाही. त्यातच भावाच्या दहा महिन्यांच्या बाळाला जन्मापासून ऐकू येत नाही हे कळलंय आणि कुणीतरी सांगितलंय की आता जीन थेरपी, म्हणजे बिघडलेल्या जनुकावरचा उपचार, येतेय, कानात बसवायच्या इम्प्लांट यंत्राची घाई करू नका. तर कानाच्या उपचारात या साठ वर्षांत नेमकं काय बदललं, पुढे काय येणार आहे, आणि त्यासाठी थांबावं का?

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. ताई, दोघांपैकी कुणाच्याही बाबतीत थांबू नका. मुलीचं ऑपरेशन येत्या काही आठवड्यांत व्हावं, बाळाच्या तपासण्या येत्या काही दिवसांत. पण आजोबांची भीती झटकून टाकू नका. त्यांच्या कानाचं जे झालं ते त्या काळी तसंच व्हायचं, आणि का व्हायचं हे कळलं तर लेकीच्या ऑपरेशनची भीती बरीच उतरेल. मी तीस वर्षं कानाचीच ऑपरेशनं करते आहे, आणि आजोबांसारखे खळगे असलेले कितीतरी कान मी साफ केले आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच.

कानामागे बोट लावलं की जो कडक उंचवटा लागतो, ते हाड भरीव नसतं. आतून ते मधाच्या पोळ्यासारखं असतं, हवेच्या कप्प्यांनी भरलेलं, आणि हे कप्पे पडद्यामागच्या पोकळीला जोडलेले असतात. त्या पोकळीचं छत कागदासारखं पातळ, आणि छताच्या वर थेट मेंदू. मागच्या भिंतीला लागून मेंदूतलं रक्त खाली आणणारी मोठी शीर. मधून चेहरा हलवणारी नस जाते. आतल्या बाजूला ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या. बोटाच्या पेरांएवढ्या जागेत हे सगळं दाटीवाटीने बसलेलं आहे. अशा जागी पू साठला आणि त्याला बाहेरची वाट मिळाली नाही, तर तो आतली वाट शोधतो. कान ठणकतोय आणि ताप उतरत नाही अशा रोग्याबद्दल हिपोक्रेटिसने सुमारे २४०० वर्षांपूर्वी इशारा देऊन ठेवला होता की हा माणूस वात होऊन दगावू शकतो.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजलेले आहेत आणि फाटलेली पाळी सांधण्याच्या १५ पद्धती दिल्या आहेत. जड कुड्यांनी पाळी फाटलेल्या बायका माझ्या ओपीडीत नेहमी येतात, आणि पाळी शिवताना त्या पंधरा पद्धतींबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण ती बाहेरच्या कानाची कारागिरी. पडद्यामागे जिवंत माणसात काय चाललंय हे बघण्याची सोयच नव्हती. तिथे तेल, धुरी आणि काढे एवढंच हाती होतं, आणि जगात इतरत्रही फार वेगळं नव्हतं.

हाड उघडून पू बाहेर काढायचा हे धाडस अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ज्याँ-लुई पेती यांनी यशस्वी करून दाखवलं. मग एक मोठा घात झाला. डेन्मार्कच्या राजाचे वैद्य बॅरन बर्गर यांना बहिरेपण होतं आणि कानात सतत आवाज यायचा. पू वगैरे काही नव्हतं. तरी त्यांनी आपल्या कानामागचं हाड उघडून घेतलं. मेंदूज्वर झाला आणि १७९१ मध्ये ते गेले. चुकीच्या रोगासाठी केलेलं ऑपरेशन होतं ते, पण बदनाम झालं ते ऑपरेशनच. त्यानंतरची सुमारे ऐंशी वर्षं शहाणे सर्जन त्या हाडाला हात लावायला धजले नाहीत. १८७३ मध्ये जर्मनीतल्या हाले गावच्या हेरमान श्वार्ट्झ यांनी, कुठल्या रोग्यात उघडायचं आणि कुठल्यात नाही याचे नियम घालून, छिन्नीने हाड उघडण्याची पद्धत पुन्हा उभी केली. एका ऑपरेशनचा वाईट शेवट पुढच्या पिढ्यांना उपचारापासून कसा लांब ठेवतो हे या गोष्टीत दिसतं. आजोबांच्या खळग्यामुळे तुमच्या घरात नेमकं तेच होऊ नये म्हणून ती सांगितली.

श्वार्ट्झनंतर १८८९-९० च्या आसपास जर्मन भाषक सर्जनांनी आणखी मोठं ऑपरेशन बसवलं. कानाची नळी, पडद्यामागची पोकळी आणि मागचं हाड यांच्यामधली भिंत पाडून सगळ्याची एकच मोठी गुहा करायची. सडलेलं सगळं खरवडून काढायचं, त्यात पडदा गेला, आवाज आत पोचवणारी छोट्या हाडांची साखळी गेली तरी चालेल. रोग परत झाला तर बाहेरून दिसला पाहिजे, पू बाहेरच आला पाहिजे, मेंदूकडे जाता कामा नये. ऐकू येईल का, हा प्रश्न त्यात नव्हताच. रोगी जगेल का, एवढाच होता.

तुमच्या वडिलांचं ऑपरेशन बहुतेक याच घराण्यातलं. म्हणजे १९६६ मध्ये त्यांच्यावर झालेली शस्त्रक्रिया तेव्हाच पाऊणशे वर्षांची जुनी होती. पण ती वाया गेली असं कृपा करून म्हणू नका. आठ वर्षांच्या मुलाच्या कानात हाड खाणारा रोग, नुसत्या डोळ्यांनी, कपाळावरच्या आरशाच्या उजेडात, हातोडीच्या ठोक्यागणिक चेहऱ्याची नस किती जवळ आली याचा अंदाज घेत काम करायचं. त्या माणसाने मुलाचं तोंड वाकडं होऊ न देता रोग काढला. मी शिकत होते तेव्हा आमच्या विभागाच्या कपाटात तशा छिन्न्यांचा संच होता. वापरात नव्हता, पण सरांनी आम्हाला एकदा देहदानातून मिळालेल्या हाडावर तो वापरायला लावला. पाचव्या-सहाव्या ठोक्याला माझा हात थांबला, कारण पुढे काय आहे ते दिसतच नव्हतं. आजोबांना सांगा, त्या डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला. कान वाचवण्याची साधनं त्यांच्या हातात नव्हती.

तोपर्यंत सल्फा आणि पेनिसिलिन आलेलं होतं. १९३० च्या दशकाआधी कानामागे सूज येऊन मरणाऱ्या मुलांनी वॉर्ड भरलेले असायचे. या औषधांनी ते रिकामे केले. पण मुलीच्या कानात जो रोग आहे त्यावर औषध तेव्हा चाललं नाही, आजही चालत नाही. हे घरात सगळ्यांना नीट कळायला हवं, कारण दोन वर्षांचा उशीर बहुतेक इथेच झाला आहे.

याचं वैद्यकीय नाव कोलेस्टिॲटोमा. नाव १८३८ चं आहे आणि फसवं आहे. चरबीशी त्याचा काही संबंध नाही. ही साधी त्वचा आहे, फक्त चुकीच्या जागी गेलेली. नाकामागून कानात हवा नेणारी नळी नीट चालत नसेल तर पडदा आत ओढला जातो आणि त्याला खिसा पडतो. त्वचेचं काम सतत नव्या पेशी करून जुन्या टाकणं. बाहेर त्या झडून जातात. खिशात मात्र साठतात. मायक्रोस्कोपखाली तो खिसा उघडला की आत पांढरंशुभ्र, मोत्यासारखं चमकणारं काहीतरी दिसतं, कांद्यासारखं थरावर थर, आणि ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाला ओळखू येणारा तो कुबट वास येतो. हा गोळा हळूहळू फुगतो आणि शेजारचं हाड खातो. आधी साखळीतल्या ऐरण नावाच्या छोट्या हाडाचं टोक, मग कानामागचं हाड, कधी चेहऱ्याच्या नसेवरचं आवरण, कधी मेंदूखालचं छत. दुखत बहुतेक नाही. थेंबांनी आठ-पंधरा दिवस कान सुकतो, कारण थेंब वरचा जंतुसंसर्ग मारतात. खिसा तिथेच असतो. पाणी यायचं थांबलं, म्हणून कान बरा झाला, या समजुतीत रोगाला दोन वर्षं मिळतात.

मग साठ वर्षांत बदललं काय? माझ्या मते सगळ्यात मोठा बदल एकच: सर्जनला दिसायला लागलं. बाकी बरंचसं त्याच्या मागून आलं.

१९२१ मध्ये स्टॉकहोमच्या कार्ल-ओलोफ नायलेन यांनी कानाच्या ऑपरेशनला पहिल्यांदा मायक्रोस्कोप लावला. एका डोळ्याचाच होता. पुढच्याच वर्षी त्यांचे वरिष्ठ गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांचा वापरला. पण खऱ्या अर्थाने चित्र पालटलं ते १९५३ मध्ये, झाइस कंपनीचा ऑपरेशनसाठीच बनवलेला मायक्रोस्कोप बाजारात आल्यावर. दोन्ही डोळ्यांनी खोली कळते, उजेड नेमका नळीच्या तळाशी पडतो, आणि दोन्ही हात मोकळे. त्याच सुमाराला छिन्नी जाऊन दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा फिरता ड्रिल आला, सोबत पाणी मारणारी आणि ओढून घेणारी नळी. जर्मनीतल्या वुल्स्टाइन आणि त्सोलनर यांनी मग पडदा पुन्हा बसवण्याचं, तुटलेली हाडांची साखळी पुन्हा जोडण्याचं शास्त्र उभं केलं. कान नुसता सुकवायचा नाही, तो ऐकता करायचा, हा प्रश्न पहिल्यांदा टेबलावर आला. वडिलांच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात यातलं काही १९६६ पर्यंत पोचलेलं नव्हतं.

तुमच्या मुलीचं ऑपरेशन साधारण असं होईल. पूर्ण भूल. कानामागच्या घडीतच चीर, जी पुढे दिसतही नाही. ही चीर डब्लिनच्या विल्यम वाइल्ड यांच्या नावाने ओळखली जाते आणि दीडशेहून अधिक वर्षं टिकून आहे. कानाच्या वर कानशिलाच्या स्नायूवर एक पातळ, पांढरं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं आवरण असतं. तेच नाण्याएवढं काढून, वाळवून नवा पडदा करायचा. काढल्याने तिथे काही बिघडत नाही. मग ड्रिलने, शेवटी शेवटी हिऱ्याच्या बारीक भुकटीचं टोक लावून, हाड अंडं सोलावं तसं पातळ करत खिशाच्या मुळापर्यंत जायचं. चेहऱ्याच्या स्नायूत बारीक सुया लावलेल्या असतात. नसेच्या जवळ गेलं की यंत्र आवाज करतं. हल्ली त्यासोबत तीन-चार मिलिमीटर जाडीची एंडोस्कोप दुर्बीण आत घालून कोपऱ्यापलीकडे बघता येतं, जिथे मायक्रोस्कोपची नजर वळू शकत नाही. रोगाचा राहिलेला कण बहुतेक वेळा अशाच कोपऱ्यात सापडतो. कानाच्या नळीची भिंत बहुधा राखता येईल, किंवा पाडावी लागली तर पोकळी भरून नीट आकारात आणता येईल. आजोबांसारखा खळगा राहण्याचं कारण नाही.

खोटी खात्री मात्र देणार नाही. हा रोग मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त वेळा परततो. जिभेच्या एका बाजूची चव काही महिने बदलू शकते, कारण चवीची नस पडद्यामागूनच जाते. हाडांची साखळी कधी त्याच वेळी जोडता येते, तर कधी सहा-बारा महिन्यांनी, रोग नाही याची खात्री करून. पूर्वी ही खात्री करायला कान पुन्हा उघडावाच लागायचा. आता एमआरआयच्या एका खास पद्धतीत काही मिलिमीटरचा रोगही पांढरा ठिपका होऊन दिसतो, त्यामुळे बऱ्याच मुलांचं दुसरं ऑपरेशन वाचतं. तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: भिंत राखणार की पाडणार आणि का, साखळी कधी जोडणार, आणि पुढची पाच वर्षं तपासणीचं वेळापत्रक काय. जो सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही त्याच्याकडे मुलगी सोपवा.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, जरी मुलीच्या कानाशी तिचा थेट संबंध नसला तरी. शाळेत आपण हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी कानातली तीन हाडं शिकतो. रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, तांदळाच्या कणीएवढं. काही लोकांत, बायकांत जास्त, हिच्या तळाशी नवं हाड धरतं आणि ती जाम होते. कान वाहत नाही, दुखत नाही, फक्त हळूहळू ऐकू येणं कमी होत जातं. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूलियस लेंपर्ट यांनी यासाठी तोलाच्या नळीला नवी खिडकी पाडण्याचं ऑपरेशन एका बैठकीत बसवलं. रिकिबीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. १९५२ मध्ये सॅम्युएल रोझेन रिकीब खरंच जाम आहे ना हे चाचपत होते, ती अचानक सुटली, आणि टेबलावरच्या जाग्या रोग्याला एकदम ऐकू यायला लागलं. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, मेंफिसच्या जॉन शे यांनी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची बनवलेली बसवली. आज आपण जे करतो ते त्याचंच बारीक रूप: तळाला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं भोक आणि त्यात पिस्टन.

हे ऑपरेशन मी आजही जागेवरची भूल देऊन करते. गेल्या पावसाळ्यात एक प्राथमिक शिक्षिका होत्या. अकरा वर्षं त्या वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलांचे ओठ वाचून उत्तरं तपासत होत्या. पिस्टनचं आकड्यासारखं टोक ऐरणीवर दाबून बसवलं, पडदा परत जागेवर टाकला, आणि मास्क न काढता कुजबुजले, "बाई, हजेरी घेऊ का?" हिरव्या कापडाखालून उत्तर आलं, "इतकं मोठ्याने कशाला बोलताय?" अशा वेळी थिएटरमध्ये कुणी काही बोलत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी निवासी डॉक्टर होते. त्याच दिवशी ठरवलं की आयुष्यभर कानच करायचा.

आता बाळाकडे येते, कारण तिथे घड्याळ सगळ्यात वेगाने चाललंय.

आतल्या शंखात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेचं विजेच्या संदेशात रूपांतर होतं ते यांच्यामुळे. माणसात त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. मग केसपेशींना वळसा घालून थेट नसेला वीज द्यायची का? व्होल्टा यांनी १८०० च्या सुमारास आपल्या बॅटरीच्या तारा स्वतःच्या दोन्ही कानांत घालून पाहिलं होतं. डोक्यात धक्का बसला आणि काहीतरी रटरट शिजल्यासारखा आवाज आला. १९५७ मध्ये पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या रोग्याच्या नसेपाशी तार बसवली. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी ती शंखात घातली, आणि त्यांच्याच व्यवसायातल्या मोठमोठ्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांचे वडील ऐकू कमी येणारे. औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांची होणारी अडचण बघत ते वाढले. शंखाच्या वेटोळ्यात तार आतपर्यंत जाईना. समुद्रकिनाऱ्यावर एका शिंपल्याच्या शंखात गवताची काडी सरकवून बघताना त्यांना मार्ग सापडला: टोकाला लवचीक आणि मुळाशी ताठ. १९७८ च्या १ ऑगस्टला पहिल्या रोग्यात अनेक इलेक्ट्रोडांचा इम्प्लांट बसला. अमेरिकेत १९९० मध्ये दोन वर्षांवरच्या मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली, आणि आता तिथे नऊ महिन्यांपासून बसवतात. मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांच्यासारख्या सर्जनांनी हे काम महाराष्ट्रात रुजवलं. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वयाची एवढी घाई का, हे भावाला नीट समजावा. मेंदूचा ऐकण्याचा भाग पहिल्या दोन-तीन वर्षांत घडतो. त्या काळात त्याला आवाज मिळाला नाही तर ती जागा इतर कामांना जुंपली जाते, आणि नंतर आवाज पोचवला तरी मेंदू त्याची भाषा करू शकत नाही. एक वर्षाच्या बाळाला बसवलेला इम्प्लांट आणि सहा वर्षांच्या मुलाला बसवलेला तोच इम्प्लांट, यांत यंत्राचा फरक शून्य आणि बोलण्याचा फरक आयुष्यभराचा.

जीन थेरपीबद्दल तुम्हाला सांगितलं गेलं ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. ऑटोफर्लिन नावाचं एक प्रथिन केसपेशीचा संदेश नसेला देतं. त्याचा जनुक बिघडला तर पेशी ठणठणीत असूनही संदेश पुढे जात नाही. हा जनुक इतका लांब आहे की तो वाहून नेणाऱ्या एका विषाणूत मावत नाही. त्याचे दोन तुकडे दोन विषाणूंतून पाठवून पेशीत जोडावे लागतात. शांघायच्या डॉक्टरांनी हे सहा मुलांत केलं, पाच मुलांना ऐकू यायला लागलं, आणि २०२४ च्या सुरुवातीला ते प्रसिद्ध झालं. मी तो निबंध रात्री बसून वाचला आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा वाचला. माझ्या हयातीत हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण जन्मतः बहिरेपणाचे शंभराहून अधिक जनुक माहीत आहेत आणि ऑटोफर्लिनचा वाटा त्यात थोडाच आहे. आपल्याकडे त्याहून खूप जास्त सापडतो तो कॉनेक्सिन २६ नावाच्या प्रथिनाच्या जनुकाचा बिघाड, आणि त्यावर असा उपचार अजून हातात नाही. म्हणून बाळाची जनुकीय तपासणी जरूर करा. बेरा तपासणीत, म्हणजे संदेश नसेतून मेंदूकडे जातो का हे बघताना, काहीच उमटत नाही पण केसपेशी तपासणाऱ्या ओएई तपासणीत कान प्रतिसाद देतो, असं असेल तर ऑटोफर्लिनची शंका खास घ्यायची. पण तपासणीचा निकाल येईपर्यंत दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावून ऐकण्या-बोलण्याची थेरपी सुरू झालेली हवी. उद्याच्या औषधाची वाट बघत आज मेंदूला उपाशी ठेवायचं नाही. औषध आलंच, तरी ज्या मेंदूने आवाज ऐकलेला आहे त्यालाच त्याचा पुरेपूर उपयोग होणार.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण भाऊ तेच मनात धरून बसला असेल. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र कुटुंबांतल्या लहान मुलांना इम्प्लांट मिळतो. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचं काम पाहते. वयाची आणि उत्पन्नाची अट आहे, म्हणून अर्ज लवकर करा. तालुक्याच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही भेटा. आणि ऑपरेशन हा या प्रवासातला सगळ्यात छोटा भाग आहे हे घरात सगळ्यांनी मनाशी पक्कं करावं. नंतरची किमान दोन वर्षं रोज, आईने, आजीने, घरच्या बोलीत, बाळाशी बोलत राहायचं आहे. भाकरी थापताना, दळण निवडताना, बसची वाट बघताना. कुणी खुणांच्या भाषेला विरोध केला तर ऐकू नका. ती बाळाचं बोलणं अडवत नाही, आणि ती एक पूर्ण भाषा आहे.

पुढे काय येणार म्हणाल तर यंत्रमानवही येतोय. २०१६ मध्ये बर्न शहरात यंत्राने कानामागच्या हाडातून चेहऱ्याच्या नसेला चुकवत थेट शंखापर्यंत बोगदा पाडला आणि इम्प्लांट बसवला. पूर्णपणे त्वचेखाली राहणारे, बाहेर काहीही न दिसणारे इम्प्लांट चाचणीत आहेत. पक्ष्यांच्या केसपेशी मेल्या तरी परत उगवतात हे १९८० च्या दशकात कळलं, तेव्हापासून माणसात ते जमवण्याची धडपड चालू आहे. एका औषधाकडून खूप आशा होती, २०२३ मध्ये ते चाचणीत नापास झालं. एक ना एक दिवस जमेल असं मला वाटतं. तारीख सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका.

पण मला विचाराल तर, महाराष्ट्रात कानाचं भवितव्य बर्नच्या यंत्राने ठरणार नाही. जिथे बाळंतपण होतं तिथे ओएईचं छोटं यंत्र आहे का, यावर ते ठरेल. निरोगी कान स्वतःही बारीक आवाज काढतो हे डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवलं, आणि त्यावर आधारलेली ही तपासणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हा नियम जगभर मान्य आहे. तुमच्या भाच्याला दहा महिने लागले. माझ्याकडे चार-चार वर्षांची मुलं येतात, "उशिरा बोलेल, त्याचे वडीलही उशिराच बोलले होते" असं म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मुलांमधलं जवळपास ६० टक्के बहिरेपण टाळता येण्याजोगं आहे. मामाच्या मुलीशी लग्न, नवजात अर्भकाला मोजमाप न ठेवता दिलेली जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, वाहत्या कानात टाकलेलं लसणीचं तेल, विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलाच्या पथकात कानात बोळे न घालता केलेले तास: हे सगळं रोज माझ्यासमोर बसलेलं असतं. याला यंत्रमानव लागत नाही.

थेंब घालताना बाटली आधी तळहातात धरून कोमट करा, एवढं जाता जाता सांगते. गार थेंबाने भोवळ येते. कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना रोग्यांचे कान धुताना हेच दिसलं, त्यातून तोलाच्या नळीची तपासणी निघाली, आणि १९१४ चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते.

शेवटी वडील. तुम्ही त्यांच्याबद्दल काही विचारलं नाही, पण मुलीला दाखवायला जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या. अशी गुहा स्वतःहून साफ होत नाही. त्यात वर्षानुवर्षं मळ आणि कोंडा साठतो, आणि सहा-बारा महिन्यांतून एकदा मायक्रोस्कोपखाली ती काढावी लागते. साठ वर्षांत ती कुणी साफ केली आहे का विचारा. कधी अंघोळीच्या पाण्याने गरगरतं का, कानातून वास येतो का, डाव्या कानाला आता किती ऐकू येतं, हेही. आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढताना हाडातून आवाज देऊन तपासायला सांगा. आतला शंख शाबूत असेल, आणि अशा कानांत तो कितीदा तरी असतो, तर हाडातून आवाज पोचवणारं यंत्र त्यांच्यासाठी आहे. स्वीडनमध्ये १९७७ पासून ते बसवतात, आणि कपाळाला पट्ट्याने लावून ओपीडीतच दहा मिनिटांत करून बघता येतं. पट्टा लावल्यावर त्यांच्या उजव्या बाजूला नातीला उभी करा.